खुल्या आकाशाखालील चित्रपट आणि त्याचे स्मरणरंजन : ड्राइव्ह-इन, तंबू सिनेमा व झाडीपट्टी यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय चित्रपटाचा इतिहास प्रामुख्याने चित्रपट निर्माण करणाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. निर्माते, दिग्दर्शक, कलावंत आणि चित्रसंस्था यांच्या कार्याची नोंद विपुल प्रमाणात उपलब्ध आहे. त्या तुलनेत चित्रपट कोठे पाहिला गेला, कोणी दाखविला, प्रेक्षक कसे बसले आणि खेळ संपल्यावर घरी कसे परतले, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले. अलीकडच्या काळात मात्र बंद पडलेली चित्रपटगृहे, मोटारीत बसून पाहण्याची ड्राइव्ह-इन चित्रपटगृहे आणि जत्रेतील तंबू सिनेमा यांविषयी मोठ्या ओढीने लिहिले व बोलले जाते. या ओढीला मराठीत ‘स्मरणरंजन’ असा समर्पक शब्द आहे. पाश्चात्त्य भाषांतील ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाने १६८८ मध्ये घराच्या ओढीने जडणाऱ्या व्याधीसाठी योजला होता. म्हणजे मुळात ही ओढ एखाद्या स्थळाची होती. पुढे ती गेलेल्या काळाची ओढ झाली.

स्मरणरंजन हा इतिहास नव्हे. तथापि जेथे लिखित साधने तुटपुंजी असतात, तेथे आठवण हेच महत्त्वाचे साधन ठरते. अशा वेळी आठवणीत काय टिकले, काय गळून पडले आणि ते का गळले, याची चिकित्सा करणे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. प्रस्तुत लेखात ही चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला असून तिची अखेर भंडारा जिल्ह्यातील लाखनी व परिसराच्या, म्हणजेच झाडीपट्टीच्या संदर्भात केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ड्राइव्ह-इन चित्रपटगृह व महाराष्ट्रातील तंबू सिनेमा यांच्या ऐतिहासिक वाटचालीची तुलना करणे.
२) या दोहोंविषयीच्या स्मरणरंजनाचे नेमके आलंबन कोणते, याचा शोध घेणे.
३) पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीच्या आधारे या स्मरणरंजनातील गृहीतकांची तपासणी करणे.

ड्राइव्ह-इन : मोटारधारकाचे चित्रपटगृह

ड्राइव्ह-इन चित्रपटगृहाचा उगम अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात झाला. रिचर्ड हॉलिंग्सहेड या व्यावसायिकाने स्वतःच्या घरासमोर मोटारीवर प्रोजेक्टर ठेवून आणि झाडांना पडदा बांधून प्रयोग केले. पुढच्या मोटारीमुळे मागच्या मोटारीतील प्रेक्षकाला पडदा दिसत नाही, ही त्याच्यापुढील मुख्य अडचण होती. मोटारींच्या पुढच्या चाकांना उंची देणारे उतरते चढ तयार करून त्याने ती सोडविली. ६ जून १९३३ रोजी कॅम्डेन शहरानजीक त्याचे चित्रपटगृह सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या वाढली, शहराबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि लहान मुले असलेल्या कुटुंबांना ही सोय पसंत पडली. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत अशा चित्रपटगृहांची संख्या चार हजारांवर गेली होती. पुढे जमिनीचे भाव, दूरचित्रवाणी व व्हिडिओ यांमुळे ती झपाट्याने घटली.

भारतात हा प्रकार मोजक्याच शहरांपुरता मर्यादित राहिला. अहमदाबाद येथे १९७३ मध्ये भव्य ड्राइव्ह-इन उभारले गेले. मुंबईत वांद्रे येथे १९७७ मध्ये सुरू झालेले ड्राइव्ह-इन २००३ मध्ये बंद पडले. ज्या महानगरात जमिनीच्या प्रत्येक चौरस फुटाला भाव आहे, तेथे दिवसभर रिकामे राहणारे विस्तीर्ण मैदान टिकणे अवघडच होते. २०२० मधील कोरोना महामारीच्या काळात परस्परांपासून दूर राहून चित्रपट पाहण्याची सोय म्हणून जगभर ड्राइव्ह-इनची पुन्हा आठवण झाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील एका मॉलच्या गच्चीवर नवे ड्राइव्ह-इन सुरू करण्यात आले. त्याच्या प्रसिद्धीत जुन्या वांद्रे ड्राइव्ह-इनच्या आठवणींना मोठे स्थान मिळाले.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. मोटार ही १९७० च्या दशकातील भारतात अत्यल्प कुटुंबांच्या मालकीची वस्तू होती. त्यामुळे ड्राइव्ह-इनचे स्मरणरंजन हे मुख्यतः नागर व संपन्न वर्गाचे स्मरणरंजन आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य जनतेने खुल्या आकाशाखाली जो चित्रपट पाहिला, तो मोटारीत बसून नव्हे, तर जमिनीवर पोते किंवा घोंगडी अंथरून. त्या अनुभवाचे नाव तंबू सिनेमा अथवा टुरिंग टॉकीज असे आहे.

महाराष्ट्रातील फिरत्या खेळाची पूर्वपीठिका

पडद्यावर चित्रे दाखवीत गावोगाव फिरण्याची प्रथा महाराष्ट्रात चित्रपटापूर्वीच अस्तित्वात होती. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे पुत्र यांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने दीपचित्रांचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर मोठी करून दाखवायची आणि त्यांना निवेदन व संगीताची जोड द्यायची, असे या खेळांचे स्वरूप होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचे पहिले प्रदर्शन झाले, तेव्हा पडद्याची कल्पना येथील प्रेक्षकाला अगदीच परकी नव्हती.

स्थायी चित्रपटगृहे उभी राहण्यापूर्वी तंबू हेच चित्रपटाचे घर होते. अब्दुलअली युसुफअली यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेश, सिंगापूर आदी प्रदेशांत आणि त्यानंतर भारतात तंबू घेऊन खेळ केले. त्यांच्या तंबूत सुमारे एक हजार प्रेक्षक सामावत असत. कोलकात्यात जमशेटजी मादन यांनी १९०२ मध्ये मैदानावर तंबू ठोकूनच व्यवसायास आरंभ केला. म्हणजे पुढे ज्यांनी शहरांत मोठी चित्रपटगृहे चालविली, त्यांच्यापैकी काहींची सुरुवात तंबूतून झाली होती. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला आणि पौराणिक कथांच्या रूपाने फिरत्या खेळांना ग्रामीण प्रेक्षकाला आपलासा वाटेल असा विषय मिळाला. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आल्यावर पडद्यावरील पात्रे मराठी बोलू लागली.

जत्रा आणि तंबू : कार्यपद्धती

तंबू सिनेमाचे अर्थकारण जत्रेच्या पंचांगावर आधारलेले होते. पावसाळा संपल्यावर तंबू बाहेर निघत आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत फिरत. सातारा जिल्ह्यातील पुसेगाव येथील सेवागिरी महाराजांची यात्रा हे या व्यवसायाचे एक ठळक केंद्र होते. तेथे एकाच वेळी अनेक तंबू शेजारी शेजारी लागत आणि ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकाला आपल्याकडे बोलावत.

एका ट्रकमध्ये कनाती, खांब, दोर, पडदा, प्रोजेक्टर, ध्वनिक्षेपक आणि जनरेटर असा संसार असे. कापडी तंबूत दिवसाउजेडी पडद्यावर चित्र उमटत नसल्याने खेळ अंधार पडल्यावरच सुरू होई व उत्तररात्रीपर्यंत चाले. प्रोजेक्टरमधील प्रकाश दोन कार्बनच्या कांड्यांमधील विद्युत ज्योतीतून मिळे. कांड्या जळून आखूड होत, तसे त्यांच्यातील अंतर सतत जुळवून घ्यावे लागे. ऑपरेटरचे लक्ष ढळले की पडदा अंधारे. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट या वेगाने धावते. त्यामुळे तीन तासांच्या चित्रपटाची लांबी सोळा हजार फुटांवर जाई आणि तो हजार फुटांच्या सोळा-सतरा रिळांत विभागलेला असे. एकाच प्रोजेक्टरवर खेळ चालविणाऱ्या तंबूत रीळ बदलताना खेळ थांबणे अपरिहार्य होते. तंबू सिनेमाच्या आठवणींत रीळ तुटणे, शिट्ट्या आणि आरडाओरडा यांना जे स्थान आहे, त्याचे मूळ या यांत्रिक मर्यादेत आहे. चित्रपटात पडणारा हा खंड प्रेक्षकांना परस्परांशी बोलण्याची संधी देत असे.

पडद्याच्या दोन्ही बाजूंनी चित्र पाहण्याची प्रथाही अनेक ठिकाणी होती. मागील बाजूने पाहणाऱ्यास सारे उलटे दिसे. उजव्या हाताने तलवार चालविणारा नायक त्याच्या दृष्टीने डावखुरा असे. ‘जय संतोषी माँ’ (१९७५) सारख्या चित्रपटाच्या वेळी प्रेक्षक पादत्राणे काढून बसत व पडद्यावरील देवीपुढे नाणी टाकीत, ही घटना शहरी चित्रपटगृहांतही घडली. परंतु देवदर्शनासाठी जत्रेला आलेल्या प्रेक्षकाच्या बाबतीत मंदिर आणि तंबू यांतील अंतर मुळातच काही पावलांचे होते.

स्मरणरंजनातून काय गळते

स्वेतलाना बोयम या अभ्यासिकेने २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिल्या प्रकारात गेलेली गोष्ट जशीच्या तशी पुन्हा उभी करण्याची आकांक्षा असते. दुसऱ्या प्रकारात ती गेली आहे हे मान्य करून तिच्याविषयी विचार केला जातो. मॉलच्या गच्चीवरील ड्राइव्ह-इन पहिल्या प्रकाराचे उदाहरण म्हणता येईल. तंबू सिनेमाच्या संदर्भात दुसरा प्रकार अधिक फलदायी ठरतो. मात्र त्यासाठी आठवणीला काही प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न बैठकीचा आहे. ‘सारा गाव एकत्र बसून सिनेमा पाहत असे’ हे विधान वारंवार केले जाते. प्रत्यक्षात तंबूत स्त्रिया व पुरुष यांची बैठक बहुधा दोर अथवा कनात लावून वेगळी केलेली असे. रात्रीच्या खेळाला कोणत्या घरातील स्त्रिया येऊ शकत, कोणाला सोबतीशिवाय येता येत नसे आणि ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नसत ते कोठे उभे राहत, या बाबी ‘सारा गाव’ या शब्दांत झाकल्या जातात. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की, तिकीट हे जात विचारत नाही. ज्या गावात पाणवठा आणि मंदिर यांवर बंधने होती, त्या गावात एका पडद्यासमोर बसण्याची शक्यता निर्माण होणे ही सामाजिकदृष्ट्या लहान घटना नव्हती. ती शक्यता कितपत प्रत्यक्षात आली, हे गावागणिक तपासण्याजोगे आहे.

दुसरा प्रश्न श्रमाचा आहे. प्रेक्षकाच्या आठवणीत पडदा असतो. तंबू ठोकणारा, जनरेटरजवळ रात्र काढणारा, कार्बनच्या धुरात उभा राहणारा कामगार नसतो. हंगामाचे सहा-सात महिने घराबाहेर राहणाऱ्या या माणसांचा इतिहास प्रेक्षकांच्या स्मरणरंजनातून मिळणार नाही. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखविला गेला. महाराष्ट्रातील फिरत्या सिनेमाचे चालक आणि प्रोजेक्टर दुरुस्त करणारा कारागीर यांना त्याने केंद्रस्थानी आणले, हे त्याचे महत्त्व होय. तत्पूर्वी २०१३ मध्ये गजेंद्र अहिरे दिग्दर्शित ‘टुरिंग टॉकीज’ या मराठी चित्रपटाने हा विषय कथारूपाने हाताळला होता.

तिसरा प्रश्न निवडीचा आहे. शहरातील चित्रपटगृहांत चालून झालेला चित्रपट, ओरखडे पडलेल्या व तुटून जोडलेल्या प्रतीच्या रूपाने तंबूत येई. आठवणीत हे दोष गोड होतात. परंतु ग्रामीण प्रेक्षकाला नेहमी उरलेली वस्तूच मिळाली, ही विषमता त्यामागे आहे.

ऱ्हासाची कारणे

तंबू सिनेमाच्या ऱ्हासाचे खापर सामान्यतः दूरचित्रवाणीवर फोडले जाते. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. १९८७-८८ मधील ‘रामायण’ मालिकेने पौराणिक कथा थेट घरात आणली. त्याच दशकात भाड्याने मिळणारे व्हिडिओ संच गावोगाव पोहोचले आणि १९९१ नंतर केबल आली. तरीही तंबू लगेच संपले नाहीत. २०१० च्या दशकाच्या आरंभी रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दीकी यांनी टिपलेल्या सातारा जिल्ह्यातील तंबूंच्या छायाचित्रांत प्रेक्षकांची गर्दी दिसते. अंतिम आघात तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या टोकाकडून आला. चित्रपटांचे वितरण संगणकीय स्वरूपात होऊ लागले आणि फिल्मच्या प्रती निघणेच थांबले. फुजीफिल्म कंपनीने २०१३ मध्ये चित्रपटाच्या कच्च्या फिल्मचे उत्पादन बंद केले. प्रोजेक्टर सुस्थितीत असूनही त्यावर चढवायला नवे रीळ उरले नाही. प्रेक्षक आटला होता हे खरे. परंतु उरलेल्या प्रेक्षकालाही नवा चित्रपट दाखविणे जुन्या यंत्रावर अशक्य झाले.

पूर्व विदर्भाचा अनुभव

या पार्श्वभूमीवर लाखनी परिसराचा विचार उद्बोधक ठरतो. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर भंडारा व साकोली यांच्या दरम्यान वसलेले लाखनी हे भाताच्या शेतीचे, तलावांचे आणि मंडईचे गाव आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा वनाच्छादित पट्टा ‘झाडीपट्टी’ म्हणून ओळखला जातो. दिवाळीनंतर धान घरात येऊ लागते आणि गावोगाव मंडईचे दिवस ठरतात. लेकी-जावई, सोयरे-धायरे मंडईला येतात. दिवसा बाजार व दंडार होते आणि रात्री नाटक होते. शंकरपटाच्या निमित्तानेही नाटके लागतात. नाटक रात्री दहाच्या सुमारास उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. वडसा म्हणजेच देसाईगंज हे या नाट्यमंडळांचे केंद्र असून तेथे अनेक मंडळांची कार्यालये आहेत. या रंगभूमीवरील प्रदीर्घ सेवेबद्दल परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

कनातींनी बंदिस्त केलेले मैदान, तिकीट, थंडीच्या रात्री अंगावर घेतलेली शाल, चहाची व भज्यांची दुकाने, झोपी गेलेली लहान मुले : तंबू सिनेमाच्या स्मरणरंजनात ज्या ज्या बाबी येतात, त्या सर्व झाडीपट्टीच्या नाटकात आजही आढळतात. दूरचित्रवाणी, केबल आणि मोबाइल या भागातही आले. तरीसुद्धा येथील रात्रीचे नाटक टिकले. ‘नव्या माध्यमांमुळे माणसे एकत्र येईनाशी झाली’ हे स्मरणरंजनातील सर्वपरिचित गृहीतक येथे पूर्णतः लागू पडत नाही.

याची तीन कारणे संभवतात. पहिले म्हणजे, तंबूतील चित्रपट ही बाहेरून येणारी व अन्यत्र उपलब्ध असणारी वस्तू होती; ती घरातील पडद्यावर मिळू लागताच तंबूत जाण्याचे एक कारण संपले. नाटकाचा प्रयोग मात्र घरबसल्या मिळत नाही. दुसरे म्हणजे, तंबूवाला हा गावाबाहेरचा व्यावसायिक असे. झाडीपट्टीत नाटक ठरविण्याची, मैदान सजविण्याची आणि तिकिटे विकण्याची जबाबदारी गावातील मंडळ घेते. नाटक पडले तर ते गावाचे अपयश ठरते. तिसरे म्हणजे, मंडई ही नातेसंबंधांची संस्था आहे. पाहुणा नाटकासाठी येतो आणि नाटक पाहुण्यासाठी ठेवले जाते. चित्रपटाच्या तंबूला असा आधार जत्रेतील देवस्थानाकडून मिळत होता. पण तो तंबूचा स्वतःचा नव्हता.

झाडीपट्टीचे चित्रही निर्दोष मानण्याचे कारण नाही. कलावंतांच्या उत्पन्नाची अनिश्चितता, हंगामाबाहेरची बेकारी, रात्रीच्या प्रवासातील धोके आणि २०२० च्या महामारीत बुडालेला हंगाम या बाबी तेथेही आहेत. जिवंत प्रथेलाही स्मरणरंजनाचा विषय करून तिच्या अडचणींकडे दुर्लक्ष करण्याचा मोह टाळला पाहिजे.

निष्कर्ष

१) ड्राइव्ह-इन आणि तंबू सिनेमा हे दोन्ही खुल्या आकाशाखालील प्रदर्शनाचे प्रकार असले तरी त्यांची सामाजिक रचना परस्परविरोधी आहे. ड्राइव्ह-इनमध्ये प्रत्येक कुटुंब आपल्या मोटारीच्या काचेआड असते. तंबूत ते शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसते. म्हणून ड्राइव्ह-इनच्या स्मरणरंजनाची भाषा तंबू सिनेमाला जशीच्या तशी लावणे योग्य नाही.

२) तंबू सिनेमाच्या स्मरणरंजनाचे खरे आलंबन चित्रपट नसून गावाबाहेर, रात्री, ओळखीच्या माणसांसोबत काढलेले काही तास हे आहे. हाच अनुभव झाडीपट्टीत चित्रपटाशिवायही टिकून आहे, ही बाब या निष्कर्षास पुष्टी देते.

३) सामूहिक रंजन नव्या माध्यमांमुळे अटळपणे नष्ट होते, असे म्हणता येत नाही. ज्या रंजनाची जबाबदारी गावाने स्वतःकडे ठेवली, ते अधिक काळ टिकले.

४) या इतिहासाच्या साधनांचा प्रश्न निकडीचा आहे. १९६४ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपट व भित्तिपत्रके जतन केली. परंतु तंबूचा परवाना, करमणूक कराची पावती, जत्रा समितीची जागावाटपाची वही आणि ऑपरेटरची रोजनिशी यांचे स्थान चित्रपटाच्या संग्रहालयात नसून महसूल कार्यालयांत, देवस्थानांत व घराघरांतील पेट्यांत आहे. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १९९९ मध्ये त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. राज्य व जिल्हा यांच्या सीमा बदलल्या की दप्तरेही विभागली जातात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू होऊन राज्याचा करमणूक कर त्यात विलीन झाल्यावर त्या कराच्या जुन्या नोंदींना प्रशासकीय उपयोगही उरलेला नाही. निरुपयोगी ठरलेले दप्तर रद्दीत जाण्यास वेळ लागत नाही.

ज्यांनी १९५० व १९६० च्या दशकांत तंबूत बसून चित्रपट पाहिला, ती पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. ग्रामीण भागातील महाविद्यालयांत अशा घरांतूनच विद्यार्थी येतात. इतिहास, मराठी व समाजशास्त्र या विभागांनी पदवी स्तरावरील प्रकल्पकार्यात आजी-आजोबांच्या मुलाखतींचा समावेश केला, मुलाखतीत केवळ ‘कोणता सिनेमा पाहिला’ असे न विचारता ‘कोणासोबत गेलात, कोठे बसलात, पैसे कोणी दिले, घरातील कोण येऊ शकले नाही’ असे प्रश्न विचारले आणि त्या मुलाखती ग्रंथालयात क्रमवार जतन केल्या, तर स्मरणरंजनाचे रूपांतर इतिहासाच्या साधनात होऊ शकेल. हे काम मोठ्या निधीचे नाही. ते वेळेवर होण्याचे आहे.